सातव्या टप्प्यातली अक्का

सोमवार

आकाश निरभ्र. वारा पश्चिमेचा, मंद. कमाल तापमान एकोणचाळीस. पुढील पाच दिवसांचा कल: अस्थिर.

‘अस्थिर’ हा शब्द माझा. बाकी सगळं यंत्राचं. खोरे हवामान केंद्रात मी तेवढ्याच कामाची आहे. यंत्राने काढलेल्या हजार उत्तरांची एका ओळीची मराठी करायची आणि सकाळी सहाला सही करायची. स्वप्नाली खराडे, अंदाज लेखनिक.

यंत्र काय करतं ते सांगते. सांगलीच्या पूर्वेला, जिथे द्राक्षं वाळवून बेदाणा करतात त्या सगळ्या पट्ट्यात, दर अर्ध्या किलोमीटरला एक खांब आहे. खांबावर मुठीएवढी डबी. ती हवेचा दाब, दमटपणा, तापमान मोजते. शिवाय मोबाइलच्या दोन मनोऱ्यांमधून जाणाऱ्या लहरी हवेतली वाफ वाढली की किंचित क्षीण होतात. तेही मोजलं जातं. त्यामुळे ढग डोळ्याला दिसायच्या आधी तो कुठे जमणार याचा माग लागतो. मग पुढच्या पाच दिवसांचं गणित यंत्र हजार वेळा सोडवतं, दर फेरीला सुरुवातीचे आकडे केसभर बदलून. मोजमापात तेवढी चूक असतेच. हजारांतल्या चाळीस फेऱ्यांत गारा पडल्या तर कुणी मान वर करून बघत नाही.

सोमवारी सकाळी सहाशे बारा फेऱ्यांत गारा पडल्या होत्या. शुक्रवारी, दुपारी तीननंतर.

पाचशेच्या वर आकडा गेला की आमचं मौन सुरू होतं.

मौन म्हणजे काय ते सात वर्षांपूर्वीपासून सांगावं लागेल. यंत्र नवीन होतं. आम्ही सगळ्यांना एकदम सांगितलं, चार दिवस आधी, गाव आणि तास यांच्यासकट. अंदाज तंतोतंत खरा ठरला आणि नुकसान आदल्या वर्षीपेक्षा जास्त झालं. शेड अकराशे, आणि जाळ्यांवरून बेदाणा उतरवणाऱ्या टोळ्या दीडशे. सगळ्यांनी एकाच दिवशी टोळ्या बोलावल्या. मुकादमांची पळवापळवी झाली, डोकी फुटली, अर्धवट वाळलेला माल भरून निघालेल्या गाड्या एकाच रस्त्यावर अडकल्या आणि गारा त्या उघड्या गाड्यांवर पडल्या. ढगाला अंदाज ऐकू येत नाही. माणसाला येतो.

तेव्हापासून गणितात माणसंही धरतात. इशारा सात टप्प्यांत जातो. पहिल्याला चार दिवस आधी, सातव्याला तीन तास आधी. त्यात गारांचं नाव नसतं. ‘उद्या माल उतरवा’ एवढंच. असले सल्ले हंगामभर येत असतात, म्हणून शेजाऱ्याला संशय येत नाही. टोळ्या एका शेडवरून दुसऱ्या शेडवर शिस्तीत सरकतात आणि अकराशेंतल्या हजार शेड वाचतात. उरलेल्यांना सरकार भरपाई देतं. कुणाचा टप्पा कितवा हे कोणी माणूस ठरवत नाही. तो दर वेळी बदलतो.

सातव्याची यादी माझ्या पडद्यावर होती. एकाहत्तरावं नाव: राजश्री महादेव शेजवळ. जाळ्यांचे मजले दहा. माल शुक्रवारी नऊ दिवसांचा होईल. त्यापुढेही चार-पाच दिवस लागतील असा.

राजश्री म्हणजे माझी अक्का.


मंगळवार

आकाश निरभ्र. वारा पडलेला. उकाडा जाणवेल.

(सातशे चाळीस फेऱ्या.)

अक्काशी रोज संध्याकाळी साडेसातला बोलणं होतं. मौनात नातेवाइकांना फोन करायला बंदी नाही. फक्त तो केंद्रातून जातो आणि यंत्र ऐकत असतं. हवेचा विषय जवळ आला की कानात बारीक टिक वाजतं. तीनदा टिक झालं की फोन बंद, आणि दुसऱ्या दिवशी चौकशी.

आमच्या भागात हवेवाचून बोलून बघा. इथे माणूस भेटल्यावर आधी उन्हाबद्दल बोलतो, मग पोराबाळांबद्दल. उन्हाचं काढून घेतलं तर पोराबाळांपर्यंत पोचायचं कसं हेच कळत नाही. मौनाच्या आठवड्यात मला कोणी चहाला बोलावत नाही. मीही जात नाही. किराणा दुकानात मी शिरले की गप्पा थांबतात आणि चार जण माझ्या पिशवीत बघतात. मेणकापड घेतलं का, मेणबत्त्या घेतल्या का. मी आपली साखर घेऊन परत येते. साखरेचाही कोणी काही अर्थ लावत असेल.

“जेवलीस का?” अक्का म्हणाली.

“जेवले. तुझा गुडघा?”

“गुडघा हाय जाग्यावर. त्यो कुठं जातोय मला सोडून.”

“मालिका बघितलीस?”

“बघितली. ती बया अजून दवाखान्यातच. आठ दिवस झालं. डॉक्टरबी कंटाळला असंल.”

मी हसले. मग ती म्हणाली, “सपने, कुरडयांचं गहू भिजत घालू का आज?”

टिक.

गहू तीन दिवस भिजवतात. आज घातले की शुक्रवार-शनिवार कडक ऊन हवं. अक्का कुरडयांबद्दल विचारत होती आणि कुरडयांबद्दल विचारत नव्हती. हे यंत्रालाही कळलं. आमच्यासारख्या किती बहिणींची बोलणी ऐकून ते शिकलं असेल कोण जाणे.

“तुझी इच्छा,” मी म्हणाले.

मी नऊ वर्षांची असताना आई गेली. अक्का तेव्हा एकोणीसची. तिने माझ्या वेण्या घातल्या, माझी दहावी होईपर्यंत स्वतःचं लग्न पुढे ढकललं. तेव्हापासून एकोणचाळीस वर्षं आम्ही एकमेकींना सांगत आलोय. हे कर. ते करू नकोस. हिरवी नको, निळी घे. ‘तुझी इच्छा’ हे वाक्य आमच्या घरात कधी कुणी वापरलेलंच नव्हतं.

“माझी इच्छा,” ती म्हणाली. “बरं.”

आणि तिने फोन ठेवला. जेवणाच्या, गुडघ्याच्या, मालिकेच्या पलीकडे आमच्याकडे काही उरलं नव्हतं.


बुधवार

आकाश अंशतः ढगाळ.

(आठशे ऐंशी.)

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर मी एक काम केलं. यंत्राला विचारता येतं: अमुक एका शेडला आज सांगितलं तर काय? तपासणीसाठी ती सोय आहे. मी एकाहत्तरावं नाव सातव्या टप्प्यातून काढलं आणि तिसऱ्यात घातलं.

फेरी १: मी सांगते. अक्का नामदेव मुकादमाला बोलावते. टोळी येते. अक्काचा माल वाचतो. नामदेवची टोळी सहाव्या टप्प्यातल्या कमल दुधाळ यांच्याकडे पोचत नाही. कमल दुधाळ यांचा माल जातो.

फेरी २: तेच.

फेरी ५६: टोळी उशिरा येते. अक्काचा निम्मा वाचतो. कमल दुधाळ यांचा सगळा जातो.

फेरी ३०४: अक्का शेजारणीला सांगते. शेजारीण भावाला. अठरा शेड जातात. कमल दुधाळ यांची त्यातच.

फेरी ३०५ ते १००० मी वाचल्या नाहीत.

कमल दुधाळ. वय एकसष्ट. मजले आठ. कुटुंबातील कामकरी व्यक्ती: एक. यापलीकडे मला या बाईंची काहीही माहिती नाही. त्यांनाही एखादी धाकटी बहीण असेल. ती हवामान केंद्रात नाही एवढाच फरक.

मी नाव परत सातव्यात ठेवलं. यंत्राने विचारलं, ‘बदल जतन करायचा?’ मी ‘नाही’ दाबलं.

शिफ्टचा तांबोळी वर आला, माझा डबा बघून म्हणाला, “मॅडम, तुमची भाजी तशीच आहे.”

“भूक नाही.”

“बाहेर जाऊन असं म्हणू नका हां. तुम्हाला भूक नाही म्हणजे काहीतरी येतंय म्हणतील लोक.”

त्याने विनोद केला होता. मी भाजी संपवली.

संध्याकाळी साडेसातला फोन केला. जेवलीस का. जेवले. गुडघा. आहे. मालिका. तीच. गव्हाचं तिने काही काढलं नाही.


गुरुवार

दुपारनंतर सोसाट्याचा वारा, धूळ. तुरळक.

‘तुरळक’ काय ते मी लिहिलं नाही. (नऊशे एकतीस.)

दुपारी एकच्या सुमाराला हवा का बिघडते ते आता कळायला सोपं होतं. जमीन तापलेली. समुद्राकडून आलेली ओलसर हवा खाली, वर उत्तरेची कोरडी आणि गार. खालची हलकी होऊन वर उसळते, तिच्यातल्या वाफेचा थेंब होतो, थेंब गोठून खाली पडायला बघतो आणि वारा त्याला पुन्हा वर फेकतो. प्रत्येक चकरेत बर्फाचा एक थर चढतो. वाऱ्याला पेलवेनासा झाला की सुटतो. गुरुवारी वारा अजून नुसत्याच बाह्या सरसावत होता. खरं काम शुक्रवारी होतं.

मी केंद्रात होते. माझे कपडे वसाहतीतल्या गच्चीवर, दोरीवर होते. ते तिथे असायलाच लागतात. आमच्या नियमावलीत चौदावं कलम आहे: मौनाच्या काळात कर्मचाऱ्याने वाळत घातलेले कपडे, धान्य, पापड इत्यादी नेहमीच्या वेळेआधी काढू नयेत. हे कलम कुणाला हसू आणेल. पण आमची वसाहत रस्त्याला लागून आहे आणि तिसऱ्या मजल्याची गच्ची एसटी स्टँडवरून स्वच्छ दिसते. मागच्या वर्षी माझ्या दोन साड्या आणि गादी भिजू दिली मी. शेजारच्या मेंढेगिरी काकू तेव्हा आठवडाभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या. बाईच्या जातीला एवढा आळस शोभत नाही म्हणाल्या होत्या.

पावणेदोनला तांबोळी धावत आला.

“मॅडम, तुमचे कपडे कुठायत?”

“दोरीवर.”

“नाहीत.”

स्टँडवरच्या कोणीतरी फोटो काढला होता. रिकामी दोरी आणि चिमटे. खाली लिहिलं होतं: बाईंनी काढले. सव्वाएकला टाकलेला फोटो दीडपर्यंत चाळीस गावांत पोचला होता. पावणेदोनला पट्ट्यातल्या दीडशे मुकादमांपैकी एकाचाही फोन लागत नव्हता.

मी काकूंना फोन लावला. तो लागला.

“अगं, धूळ केवढी!” काकू म्हणाल्या. “तुझी ती पांढरी ओढणी लाल व्हायला लागली. म्हटलं, पोर एकटी, दिवसभर कामावर, कोण बघणार तिचं. आणले आत. घड्या घालून ठेवल्यात. पोळ्याही टाकल्यात चार, येताना घेऊन जा.”

“काकू…”

“आभार मानू नकोस. परक्यासारखं वागतेस मेली.”

कित्येक वर्षांत कुणी माझ्या कपड्यांच्या घड्या घातल्या नव्हत्या.

यंत्राने नवी यादी केली. ज्यांच्याकडे ताकद होती त्यांनी टोळ्या ओढून नेल्या होत्या. सातव्या टप्प्यात चौऱ्याण्णव नावं होती, ती दोनशे सत्तर झाली. आता उघड सांगितलं तर उरलीसुरली घडीही मोडेल, म्हणून मौन तसंच राहील, असं वरून आलं. कमल दुधाळ सातव्यात आल्या होत्या. अक्का होती तिथेच.

तीन वाजता माझं कार्ड दाराला चालेना. चौकशी सोमवारी. तोपर्यंत घरी थांबायचं, गाव सोडायचं नाही, नातेवाइकांकडे जायचं नाही. फोन बंद करण्यात येत आहे.

“काकूंचं नाव सांगा की सरळ,” तांबोळी दाराशी हळू आवाजात म्हणाला. “तुमच्यावर कशाला घेता?”

“सांगितलं तर काकूंचं काय?”

घड्या घालण्यासाठी कलम नव्हतं अजून.

साडेसातला मी फोनसमोर बसले. तो लागणार नाही हे माहीत असून बसले. पलीकडे अक्काही बसली असेल.


शुक्रवार

सकाळी आठची एसटी धरली.

अंदाज मी लिहिला नाही. त्या दिवशीचा कोणी लिहिला मला माहीत नाही.

गाडीत तिकडच्या गावांतली माणसं होती, पण मला कुणी ओळखलं नाही. मागच्या बाकावर एक बाई सांगत होती की हवामानवाल्या बाईने कपडे काढून खोटी आवई उठवली, तिला मुकादमांनी पैसे चारले असणार. दुसरी म्हणाली, “शिकलेल्या बायांचं असंच असतंय.” मी खिडकीबाहेर बघत राहिले. आकाश स्वच्छ होतं. एवढं निळं की कुणीही फसावं.

सांगायला मी जात नव्हते. सांगून आता होणार काय होतं? पट्ट्यात मोकळी टोळी नव्हती. मी फक्त दोन हात घेऊन निघाले होते, आणि ते कोणाच्या शेडवरून पळवलेले नव्हते.

अक्का शेडच्या तोंडाशी क्रेट पालथं घालून बसली होती. मला बघून उठली नाही.

“आलीस,” म्हणाली.

“आले.”

“म्हंजी हायच.”

फोन बंद होता, आसपास यंत्र नव्हतं, टिक होणार नव्हतं. तरी तोंड उघडेना. सात वर्षांची सवय.

ती उठली, पदर खोचला. दहा मजले जाळ्या, एकावर एक, त्यांवर पसरलेला माल. हिरवट, अजून मऊ, बोटाला चिकटणारा. खालून चौथ्या मजल्यापर्यंत बऱ्यापैकी वाळलेला. आम्ही खालून सुरुवात केली. जाळीला खालून थोपटायचं, माल मधे आणायचा, घमेल्यात घ्यायचा, क्रेटमध्ये ओतायचा. तिचा गुडघा वाकत नव्हता म्हणून खालचे मी घेतले.

तासभर नुसतं थोपटणं चाललं. मग मीच विचारलं, “काल तुला कुणी सांगितलं नाही? कपड्यांचं?”

“तिघांनी सांगितलं. नामदेवनं सोता फोन केला. अक्का, पहिल्यांदा तुमच्याकडं येतो म्हणाला.”

“मग?”

“नगं म्हटलं.”

मी थांबले. “का?”

“थांबू नगंस, हात चालव.” तिने घमेलं पुढे सरकवलं. “मी त्याला म्हटलं, माझी बहीण न्हाई काढायची कापडं. भिजू दील. दुसऱ्या कुणीतरी काढल्यात.”

“अक्का, पण तुला मंगळवारीच कळलं होतं ना?”

“कळलं हुतं की. तुझी इच्छा म्हणालीस. माझ्या लग्नात नवरदेवाचा फेटा बी तू ठरीवलास, आन कुरडयाला माझी इच्छा?”

“मग नामदेवला हो म्हणायचंस!”

“आन मग? शेजवळीणबाईनं टोळी पहिली बोलीवली, तिची बहीण हापिसात हाय. लोक काय म्हणले असते? तू खोटी ठरली असतीस.”

“मी तशीही ठरले, अक्का. गाडीत बोलत होत्या बायका.”

तिचा हात पहिल्यांदा थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. मग शेडबाहेर, मोकळ्या रस्त्याकडे, जिथे आदल्या दिवशी टोळीची गाडी वळली असती. तिने हिशोब केला असणार, आणि तो जुळला नसणार. पण ती एवढंच म्हणाली, “हात चालव.”

बाराच्या पुढे तिचा फोन वाजला. तिने चष्मा लावून वाचलं. “‘ताबडतोब माल उतरवा.’ आलं बघ तुझं सरकार.” आणि ती हसली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी दोघी एकाच गोष्टीला एकाच जागी हसलो, आणि तेही फार वेळ टिकलं नाही, कारण पश्चिमेला कडेने काळं उठलं होतं.

पाच मजले झाले. सहावा निम्मा. वरचे चार हाताला लागत नव्हते. शिडीवर मी चढले तर खाली घमेलं धरायला तिला वाकवेना, ती चढली तर उतरवेना. दोन माणसांत ते काम होत नाही. टोळीत बारा असतात.

पावणेतीनला उजेड पिवळा झाला. क्रेट आम्ही पत्र्याखालच्या कोपऱ्यात ओढले आणि त्यांच्यापुढे उभ्या राहिलो. बाकीच्या शेडवर नुसता प्लॅस्टिकचा कागद होता.

पहिली गार पत्र्यावर पडली तेव्हा तिचा वेगळा आवाज ऐकू आला. दुसरीचाही. मग मोजता येईना. कागद फाटत गेला, वरच्या जाळ्या लोंबल्या, नऊ दिवसांचा हिरवा माल चिखलात आणि बर्फात पडायला लागला. अक्का बघत होती. रडत नव्हती. तिने माझं मनगट धरलं होतं, लहानपणी बाजारात धरायची तसं, जरा जास्तच घट्ट.

पत्र्याखाली एवढा आवाज होता की जगातलं कुठलंही यंत्र काही ऐकू शकलं नसतं. मी तिच्या कानाकडे वळले आणि सोमवारी सांगायचं राहिलेलं ते बोलले.

“शुक्रवारी गारा आहेत, अक्का. तीननंतर. नामदेवला आजच बोलव. सगळा माल उतरव. कुणाचंही काय व्हायचं ते होऊ दे.”

तिने डोकं माझ्याजवळ आणलं.

“काय?”

मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने.

“ऐकू येत न्हाई!” ती ओरडली. “थांबल्यावर सांग!”